गोधडीची आतली बाजू

कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ, कोणी चौघडी. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने आपल्या कोशात तिची नोंद केली, ती चिंध्यांचे पांघरूण म्हणून. मराठी मनातही तिची प्रतिष्ठा फार निराळी नव्हती. चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घेणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक 'गोधडे महाराज' म्हणत. त्या नावात आदर होता, पण तो वैराग्याचा आदर होता. गोधडी शिवणारीच्या हाताचा त्यात काही वाटा नव्हता.

आज तीच गोधडी प्रदर्शनाच्या भिंतीवर टांगलेली दिसते. नव्या कल्पनांच्या शोधात आलेले चित्रकार आणि कलाशाळांतील विद्यार्थी तिच्यासमोर रेंगाळतात, रंगसंगती टिपून घेतात. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, भिंतीवर गोधडीचा फक्त चेहरा दिसतो; तिचा इतिहास मात्र पोटात असतो.

गोधडी शिवायची ती बहुधा उन्हाळ्यात. मुळशी-मावळच्या भातपट्ट्यात शेतीची कामे सरली की अंगणात लुगडे ताणून अंथरायचे, कडांवर दगड ठेवायचे, वर धडपी आणि जुनेरे पसरायची आणि कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे सरकायचे. नऊवारी लुगडे आधी विरते ते अंगाशी घासणाऱ्या भागात. काठ आणि पदर त्या मानाने शाबूत राहतात. म्हणून काठ गोधडीच्या कडेला लागतात, कारण ओढाताण तिथे जास्त. प्रदर्शनात आपण ज्याला 'चौकट' म्हणून दाद देतो, ती मुळात मजबुतीची सोय आहे. पायाशी दाटलेली ठिगळेही अशीच. वर्षानुवर्षे तिथे टाचा घासल्या आहेत.

याचा अर्थ तिथे सौंदर्यदृष्टी नव्हती असा मात्र कोणी काढू नये. हाताशी दोन तुकडे असताना खणाचा लाल तुकडा नेमका मधोमध लावणारी बाई निवड करीत होती. ती निवड कोणत्या मर्यादेत झाली हे कळले, तरच तिचे मोल कळते.

आता पोटाकडे वळू. जीर्ण गोधडी सहसा टाकून देत नसत. ती नव्या गोधडीचे अस्तर होई. त्यामुळे जुनी, जड गोधडी उसवली तर वरून आत जाताना आपण काळात मागे जातो. वर गिरणीचे कापड, आत हातमागाचे सूत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे गिरणीचे कापड खेडोपाडी पोचले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. अशा दिवसांत जुनेर हीसुद्धा मालमत्ता होती. गिरणी कामगारांचा संप १९८२ चा. त्याच्या आगेमागे कृत्रिम धाग्याच्या साड्या घरोघर रुळल्या. या साऱ्याची नोंद दप्तरांत आहेच, पण एका घरापुरती ती गोधडीत आहे. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, लेकराचे अंगडे एकाच टाक्याखाली! मात्र ते लुगडे कोणाचे, हे सांगणारी बाई गेली की ती नोंद वाचता येत नाही.

बंगालच्या कांथेला अभ्यासक लवकर भेटले. गुरुसदय दत्तांनी कांथा गोळा केल्या, स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली त्यांवर लेख लिहिला. कांथेवर माणसे, हत्ती, कमळे असतात. त्यांचे 'वाचन' करता येते. गोधडीवर नुसत्या रेघा आणि चौकोन. अशा चौकोनांकडे कला म्हणून पाहायला जगही उशिराच शिकले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. पुढे २००२ मध्ये अलाबामातील जीझ बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या तिथे आल्या. कामाच्या विटक्या कपड्यांतून शिवलेल्या. त्यांची टपाल तिकिटेही निघाली. पण जीझ बेंडच्या प्रदर्शनात करणाऱ्या स्त्रियांची नावे होती, आणि नावे होती म्हणूनच २००७ मध्ये त्यांतल्या काहींना आपल्या हक्कांसाठी न्यायालयात जाता आले. आपल्याकडे गोधडीखालच्या चिठ्ठीवर पुष्कळदा जिल्ह्याचे नाव असते, बाईचे नसते.

हिंजवडीच्या शेजारचे नेरे घ्या. या टापूत भातखाचरांच्या कडेने इमारती उभ्या राहत गेल्या. घटस्थापनेआधी घरातल्या साऱ्या गोधड्या ओढ्यावर नेऊन धुण्याची रीत अशा गावांत होती. बंद गॅलरीत भिजलेली गोधडी वाळत नाही, तिचे वजनच पेलत नाही. कृत्रिम साडीची गोधडी हलकी, चटकन वाळणारी. पण ती घाम शोषत नाही, आणि धुऊन धुऊन मऊ होण्याचा सुती लुगड्याचा गुण तिच्यात नाही. म्हणून प्रदर्शनात 'अस्सल' सुती गोधडीला मागणी असते. ती पुरवायची, तर आता बाजारातून नवे ताग्याचे कापड आणून आधी त्याचे तुकडे करावे लागतात.