डिग्र्या वाढल्या, किंमत का घटली?

निकाल लागले की पालक आमच्याकडे येतात. सवाल एकच असतो: "सर, पोरीचं बी.ए. झालं, आता बी.एड. करू द्यावं का? नोकरी लागेल ना?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

घटत्या फलाचा नियम

आपल्या नगर जिल्ह्यात उसाला खताची पहिली गोणी टाकली की फरक डोळ्यांना दिसतो. दुसरीने थोडा दिसतो. पाचवीला पैसे तेवढेच जातात, पण ऊस जेमतेम वाढतो. अर्थशास्त्रात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात.

डिग्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. एसटीच्या खिडकीतून एकानेच रुमाल टाकला तर त्याला जागा मिळते. सगळ्यांनीच टाकले तर रुमालाला किंमत राहत नाही, कारण गाडीतल्या जागा तेवढ्याच असतात.

महाराष्ट्रात काय झालं?

१९८३ पासून राज्यात विनाअनुदानित खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. लोणी, संगमनेर, कोपरगावातही कॉलेजं उभी राहिली. खेड्यातली मुलं शिकली, हे चांगलंच झालं. पण नोकऱ्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. अट फक्त पदवीची होती.

शिक्षकी पेशाचं उदाहरण आमच्या जवळचं. आम्ही बी.एड. केलं तेव्हा ते एक वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ पासून पहिली ते आठवीसाठी टीईटी सुरू झाली. २०१७ मध्ये टेट आणि पवित्र पोर्टल आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड. हवं. म्हणजे काम तेच राहिलं, पण दारापर्यंतच्या पायऱ्या वाढत गेल्या.

मग शिकवायचंच कशाला?

हा निष्कर्ष चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के आहे. पण न शिकलेल्या गरिबाला घरी बसून नोकरीची वाट पाहणं परवडत नाही, मिळेल ते काम करावं लागतं. त्याची मजुरी चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही.

शिवाय आपल्या समाजाची पहिली गोणीच अजून पुरती पडलेली नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा डिप्लोमा असलेले चार टक्क्यांहून कमी होते, देशाची सरासरी सुमारे सात टक्के होती. ज्या घरात पहिलीच मुलगी पदवीधर होते, तिथे फायदा फक्त पगाराचा नसतो. ती पुढच्या पिढीला शिकवते, बँकेचे आणि सरकारी कागद स्वतः वाचते.

फी भरण्याआधी

दुसरी, तिसरी डिग्री घेताना मात्र हिशोब करा.

- या डिग्रीनंतर आणखी कोणती परीक्षा द्यावी लागेल? उर्दू माध्यमात आपल्या विषयाच्या जागा निघतात का?
- फी, होस्टेल आणि दोन वर्षांची बुडालेली कमाई मिळून खर्च किती? त्यासाठी दागिने मोडावे लागतील का?
- हातात कोणतं हुनर येईल? आयटीआय आणि अप्रेंटिसशिप कमीपणाची नाही.
- सवलत आहे का? २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी पूर्ण माफ आहे. तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा.

पोरीला शिकवाच. फक्त "सगळे करतात म्हणून" फी भरू नका.