पेठेतील घर : खाली दुकान, वर बिऱ्हाड

नाना पेठेत क्वार्टर गेटानजीक जे देऊळ आज सिटी चर्च म्हणून सर्वांस ठाऊक आहे, त्याची जागा इ. स. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या सरकारातून मिळाली. पेशव्यांच्या पदरी चाकरीस असलेल्या ख्रिस्ती लोकांस उपासनेचे ठिकाण हवे होते. देवळाची ही कथा वाचकांच्या परिचयाची आहे, तीवर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्या पेठांत आपली वस्ती वाढली त्यांतील घरांची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि कित्येक कुटुंबांची जन्माची पुंजी तर याच घरांत गुंतलेली आहे.

पेठ वसविणे हा त्या काळी एक व्यवहारच होता. सरकार कौल देई, शेटे-महाजन नेमी, आणि येऊन राहणाऱ्या उदमी लोकांस काही वर्षे करांची सूट देई. मुदत सरली म्हणजे दुकानदार व कारागीर यांजवर मोहतर्फा बसे. नाना पेठ नाना फडणिसांच्या नावाची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. येथे येणाऱ्यास दुकान एकीकडे व घर दुसरीकडे असा थाट परवडण्याजोगा नव्हता. रस्त्याच्या अंगास गाळा, आत चौक, माडीवर बिऱ्हाड. खाली दगडी जोते, वर विटा आणि सागवानी तुळया. दुकानाचे उत्पन्न आणि घराचा निवारा एकाच छपराखाली, हीच पेठेची मूळ घडण होय.

१८१८ साली पेशवाई बुडाली. वाडे राहिले, ते पोसणारी चाकरी गेली. पुढे धन्यांनी खणाखणांची बिऱ्हाडे पाडून भाडे घेण्यास आरंभ केला, आणि घर ही राहण्याप्रमाणेच पैसा गुंतविण्याचीही वस्तू झाली. पेन्शनरास व विधवेस अशा घराचा मोठा आधार वाटे. गाळ्याचे भाडे महिन्याच्या महिन्यास येई व त्यातून पावसाळ्यापूर्वी कौले चाळली जात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी शहरांत जागेची टंचाई झाली व भाडी भडकली. तेव्हा १९४७ चा मुंबई भाडे-नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. हा कायदा नसता तर कित्येक गरीब बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याची छाया दुकानांवरही पडली. गाळेवाला आपला माल आजच्या दराने विकी आणि भाडे मात्र आजोबांच्या वेळचे देई. यास दया म्हणावे की काय, ते वाचकांनीच ठरवावे!

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठविणे आता वाजवी राहिले नाही असा अभिप्राय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षास शेकडा ४ वाढ देऊ केली. आता हिशेब पाहा. भाडे २० रुपये असेल, तर पहिल्या वर्षी वाढ ८० पैसे. आणि दुपटीने ४० रुपये व्हावयास सुमारे अठरा वर्षे लागतात. एवढ्या पैशांत एक वासाही बदलत नाही. मुंबई बेटावरील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर व स्वतंत्र मंडळ आहे. पुण्याच्या वाड्यांस तो आधार नाही. मालक म्हणे, भाडे पुरत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझे नव्हे. आणि छप्पर कोणाचेही ऐकत नाही. पावसाळ्यात भिंत बसते तेव्हा तिच्याखाली बहुधा तोच सापडतो, ज्यास दुसरीकडे जाण्याची ऐपत नसते.

पागडी हाही याच कथेचा भाग. पूर्वी ती चोरून दिली-घेतली जाई. १९९९ च्या कायद्याने तिला मुभा दिली. पागडी देणारा मात्र भाडेकरूच राहतो, मालक होत नाही, हे पुष्कळांस फार उशिरा कळते.

म्हणून पेठेत पैसा घालू इच्छिणाऱ्याने येणाऱ्या भाड्याचा आकडा मागाहून विचारावा. आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून तीवर किती वारसांची नावे आहेत ते मोजावे. गाळ्यात कोण व कोणत्या हक्काने बसला आहे ते लेखी पाहावे. आणि एकदा भर पावसात माळ्यावर चढावे.

जुने वाडे पाडून तेथे ज्या नव्या इमारती उठल्या, त्यांतही मांडणी तीच : खाली गाळे, वर सदनिका. १९७० च्या सदनिका मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदविले असेल, तर जिना, गच्ची व जमीन यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो आणि त्या प्रमाणात खर्चाचा वाटाही. तरी गच्ची गळू लागली व वर्गणी मागावयास माणूस खाली गेला, म्हणजे गाळेवाला शांतपणे म्हणतो, “अहो, माझ्या डोक्यावर कुठे पाणी पडते आहे?”