मोटारीचा ‘रंग’ : लेप, खोळ आणि पापुद्रा

कल्याणच्या परिवहन कार्यालयात पांढरी म्हणून नोंदलेली, एमएच-०५ या अक्षरांची एक छोटी मोटार डोंबिवलीच्या रस्त्यावर करड्या रंगाची दिसते असे समजू. तिच्या पत्र्याला करडा रंग कोणी लावलेला नाही. मूळच्या पांढऱ्या रंगावर व्हिनाइलची पातळ फिल्म ताणून बसविलेली आहे आणि काही वर्षांनी ती सोलून काढता येते. या मोटारीचा रंग कोणता, या प्रश्नाला नोंदणी-कारकून एक उत्तर देईल, नाक्यावरचा पोलीस दुसरे देईल आणि जुन्या गाड्यांचा गिऱ्हाईक दोन्ही उत्तरे बाजूला सारून फिल्मखाली काय आहे ते विचारील. तिघेही ‘रंग’ हाच शब्द वापरतात. तिघांचा अर्थ मात्र वेगळा असतो. ही तफावत कशी उत्पन्न झाली हे ठाणे-कल्याण परिसरातील उदाहरणांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत ‘रंग’ हे डोळ्यांना दिसणाऱ्या गुणाचे नाव आहे, तसेच डब्यातून काढून ब्रशाने लावावयाच्या द्रव्याचेही. इंग्रजीला या दोहोंसाठी दोन शब्द लागतात. आपल्याला एका शब्दात अडचण वाटली नाही. संस्कृत ‘रञ्ज्’ या धातूचा संबंध मुळात कापड रंगविण्याशी आहे आणि ‘रंगारी’ हाही आधी कापड रंगविणाराच. भिंती रंगविणारा पुढचा. कापडाच्या धाग्यात भिनलेला रंग वस्तूपासून वेगळा काढता येत नाही. तेव्हा गुण आणि द्रव्य यांना एकच नाव मिळाले यात नवल नाही. लाकूड व धातू यांवरील रंगाची परिभाषा निराळी आहे. तेथे रंगाचे ‘पुट’ चढते, रंगाचा ‘हात’ दिला जातो, वर फारसीतून आलेले ‘रोगण’ लागते. येथे रंग भिनत नाही, वर बसतो. परंतु एकदा बसला की खरवडल्याखेरीज निघत नाही, म्हणून जुना शब्द येथेही पुरला.

मोटारीला हा वारसा घोडागाडीकडून मिळाला. आरंभीच्या मोटारी ब्रशाने रंगवीत, थरावर थर वाळवीत, आणि या कामी आठवडे लोटत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या निघत. ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर फवाऱ्याने मारता येई आणि लवकर वाळे; १९२४ च्या नमुन्याच्या निळ्या ओकलंड मोटारींपासून त्याचा प्रसार झाला. त्यापूर्वीच्या काळाची एक खूण आपल्या सरकारी कागदांत अद्याप शिल्लक आहे. वाहननोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, ‘बॉडी, विंग्ज आणि पुढील भाग यांचा रंग किंवा रंग’ अशा अर्थाचा रकाना आहे. ‘विंग्ज’ म्हणजे मडगार्ड. मडगार्ड बॉडीपासून सुटे असत आणि पुष्कळदा निराळ्या रंगाचे असत, त्या काळाची ही स्मृती होय. आजच्या छोट्या मोटारीला असे पंख नाहीत. अर्ज मात्र त्यांची चौकशी करतो.

आपल्या भागात छोटी मोटार म्हणजे दीर्घकाळ कुर्ल्याची फियाट. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात १९९० च्या दशकात पूजो ३०९ ही मोटार थोडा काळ तयार झाली. पद्मिनी वीस-पंचवीस वर्षे वापरली जाई, आणि तेवढ्या काळात ती दोन-तीनदा तरी गॅरेजात रंगे. पत्र्याचा पोचा ठोकून काढावयाचा, ‘लांबी’ भरावयाची, पॉलिश-पेपराने घासावयाचे आणि वरून फवारा मारावयाचा, हा तेथील क्रम. रंग बदलावयाचा तर जुना झाकून कायमचा बदलावयाचा. टॅक्सीची गोष्ट आणखी ठळक होती. अंग काळे व छत पिवळे हा तिचा रंग तिच्या परवान्याची खूण होता आणि तो गाडीच्या आयुष्याबरोबरच संपे. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे रस्त्यावरून गेली, ती काळी-पिवळी म्हणूनच.

येथवरच्या इतिहासात दिसणारा रंग आणि लावलेला रंग एकमेकांना सोडून गेले नाहीत. तथापि वस्तूला वेगळे, काढता-घालता येणारे बाह्यरूप देण्याची कल्पना मराठीला नवी नाही. तिच्यासाठी आपल्याकडे शब्दांचे एक दुसरे कुळ आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना ‘कल्हई’ लावतात. हा शब्द कथलाच्या अरबी नावावरून आला. कल्हई उडते आणि पुन्हा लावावी लागते, हे गृहीतच असते. ‘मुलामा’ आणि ‘वर्ख’ हेही अरबीतून आले. मोल्सवर्थच्या कोशात हे सारे शब्द आहेत, म्हणजे मोटार येण्याच्या पुष्कळ आधी ते मराठीत मुरले होते. गादीची ‘खोळ’ आणि पोळ्याच्या बैलाची ‘झूल’ ही त्याच कुळातील, फक्त कापडाची. यांपैकी मुलाम्यालाच फसवणुकीचा वास का चिकटावा? माझ्या मते, मुलाम्याखालचा धातू निराळा आहे हे पाहणाऱ्याला सांगितलेले नसते. खोळीच्या व झुलीच्या बाबतीत ते उघड असते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

ठाण्याच्या स्टेशनाबाहेर उभी असलेली रिक्षा या दोन्ही कुळांची आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिचे काळे अंग रंगविलेले असते आणि पिवळे हूड रेक्झीनचे, म्हणजे चढविलेले असते. हूड फाटले की शिंप्याकडून नवे शिवून घेतात. रेक्झीन हे मुळात एका इंग्रजी कंपनीचे व्यापारी नाव. ते कापडही आरंभी नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन करीत, म्हणजे ‘ड्यूको’चा व त्याचा मसाला मूलतः एकच. पुढे त्याची जागा पीव्हीसीने, अर्थात व्हिनाइलने घेतली. मराठीत नाव मात्र रेक्झीनच राहिले.

कडक व ठिसूळ पीव्हीसी लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनज्ञास १९२६ मध्ये साधली. फवारून बसवावयाच्या आणि पापुद्र्यासारख्या सोलावयाच्या लेपाचा इतिहास शोभेपासून दूर सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने नांगरून ठेवलेल्या युद्धनौकांच्या तोफांवर प्लॅस्टिकचा असा कोश फवारला होता. गरज पडली की तो फाडून तोफ पुन्हा कामास घ्यावयाची. मोटारीवरील फिल्मच्या प्रसाराला जर्मनीतील टॅक्सीवाल्यांचा हातभार लागला. पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा होता आणि त्या रंगाची जुनी गाडी खाजगी गिऱ्हाईक घेत नसे. तेव्हा मालक काळी किंवा पांढरी गाडी घेऊन तिला हस्तिदंती फिल्मने मढवीत आणि विकताना ती सोलून टाकीत. पुढे तेथील काही राज्यांनी सक्ती शिथिल केली. परवान्याचा रंग हा गाडीचा रंग नसून गाडीचा गणवेश आहे, हे त्या मालकांनी व्यवहाराने दाखवून दिले. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मालकास हा मार्ग ठाऊक नव्हता.

आपल्या कायद्याची भाषा मात्र रंग लावण्याच्या काळात घडलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ अन्वये संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगाने ‘रंगविण्यास’ मनाई आहे. क्रियापद रंगकामाचे आहे. फिल्म लावणारा काही रंगवीत नाही, असा शब्दच्छल कोणी करू शकेल. परंतु नोंदणीच्या अर्जात क्रियापद नाही, ‘रंग’ हे नाम आहे. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख प्रमाणपत्रातील तपशील व प्रत्यक्ष वाहन यांत अंतर पडू नये असा आहे. म्हणून संपूर्ण गाडीचे रूप बदलणाऱ्याने ती नोंद बदलून घ्यावी हेच मला योग्य वाटते, मग साधन फवारा असो की फिल्म. काचांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयापुढे आलाही होता. २७ एप्रिल २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, नियम १०० मधील पारदर्शकतेचे प्रमाण हे काचेचेच आहे, काचेवर चिकटविलेल्या फिल्मचे नव्हे. आणि फिल्मला बंदी केली. पुढे त्या नियमात काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’चाही समावेश झाला व २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या आधारे प्रमाणात बसणारी फिल्म ग्राह्य मानली. वस्तू कोठे संपते आणि तिचे वेष्टन कोठे सुरू होते, एवढाच हा वाद होता.

डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झाला. अशा हवेत मोटारीवर टाकाऊ थर असावा असे एखाद्यास वाटले तर त्यास केवळ हौशी म्हणता येणार नाही. ऊन मात्र फिल्मलाही सोडीत नाही. छत व बॉनेट यांवरील फिल्म दारांवरच्या आधी खराब होते. ओतून केलेली फिल्म वळणांवर टिकते, रुळांतून दाबून काढलेली आकसते. जाडी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. पत्र्यावर ठेवून कडा कापताना कारागिराचे पाते किंचित खोल गेले की खालच्या रंगावर कायमची रेघ उमटते.

सोलण्याच्या वेळी जे घडते ते इतिहासाच्या अभ्यासकास विशेष वाटावे. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला घट्ट धरून असतो; गॅरेजात मागाहून मारलेला पुष्कळदा तितका धरत नाही. फिल्म हळूहळू ओढताना मूळ रंगाचे दार जसेच्या तसे बाहेर येते. शेजारचा मडगार्ड पूर्वी कधी ठोकून रंगविलेला असेल, तर तेथील रंग फिल्मबरोबर पापुद्रा होऊन निघतो आणि खालची लांबी उघडी पडते. शिलालेखाचा ठसा घेताना कागद अक्षरे घेऊन येतो व दगड शाबूत राहतो; येथे ठशाबरोबर लेखच उचलला जातो. त्या अपघाताची नोंद प्रमाणपत्रात नसते आणि विकणाराही पुष्कळदा ती सांगत नाही. म्हणून मढविलेली जुनी गाडी घेणारा जाणता गिऱ्हाईक सौद्याआधी एखाद्या कोपऱ्याची फिल्म उचलून दाखवा म्हणतो, आणि विकणारा त्यास तयार होतो की नाही यावरून पुष्कळसा भाव ठरतो.