एका बेटावर दोन बिशप

दादरला 'पोर्तुगीज चर्च' म्हटलं की टॅक्सीवाला पुढे काही विचारत नाही. चर्चचं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, आजची इमारत चार्ल्स कोरियांनी आखलेली, आणि पोर्तुगीजांनी मुंबई सोडून साडेतीनशे वर्षं झाली. तरीही या चर्चचा पोर्तुगालशी असलेला संबंध १९२८पर्यंत अगदी जिवंत होता. त्याच काळात याच शहरातली दुसरी चर्चेस थेट पोपची होती. दोन्हीकडे मिस्सा एकच, लॅटिन एकच, संत तेच. फक्त बिशप वेगळे.

या दोन बिशपांच्या भांडणाचं बीज पोपनेच पेरलेलं होतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात रोमने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचा धर्मकारभार बहाल केला. चर्चेस राजाने बांधायची, पाद्र्यांना राजाने पोसायचं आणि बदल्यात बिशपपदासाठी नावही राजानेच सुचवायचं. या हक्काला म्हणायचे पद्रोआदो. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, हक्क मात्र सुटेना. तेव्हा १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, 'प्रोपागांडा फिदे'. (आज प्रचारकी थापांना आपण जो शब्द वापरतो, तो या खात्याच्या नावातून आला.) हे खातं राजाला न विचारता आपले 'व्हिकार अपोस्टॉलिक' पाठवू लागलं. हुद्दा बिशपचा, हुकूम थेट पोपचा.

अशा पहिल्या माणसांपैकी एक गोवेकरच होता. दिवाडी बेटावरचा मातेउश द काश्त्रु, जन्माने ब्राह्मण. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली म्हणून तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. पोर्तुगीजांनी त्याला मानलं नाही, तेव्हा तो आदिलशाही मुलखात, डिचोलीला राहिला. पोपच्या सर्वाधिकाराचा कैवार इथल्या माणसाला का जवळचा वाटला असेल, हे समजायला धर्मशास्त्र उघडावं लागत नाही. गोव्यातलं दार बंद होतं, रोमचं उघडं होतं.

मुंबईत पोपचा हा पक्ष आणला तो मात्र इंग्रजांनी, आणि तेही प्रोटेस्टंट! ईस्ट इंडिया कंपनीला गोव्याच्या हुकमतीखालच्या पाद्र्यांचा भरवसा नव्हता. शेजारी साष्टी-वसई अजून पोर्तुगीजांकडे होती. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि व्हिकार अपोस्टॉलिकला, एका इटालियन कार्मेलाइट पाद्र्याला, बोलावून चर्चेस त्याच्या हवाली केली. घरी पोपचं नावही न काढू देणाऱ्यांनी इथे पोपच्या माणसाला गादीवर बसवलं. इथल्या समुद्रात पोपचं आरमार नव्हतं, पोर्तुगालचं होतं. हिशेब सरळ होता.

१७८९ मध्ये कंपनीने चर्चेस गोव्याला परत दिली, १७९१ मध्ये पुन्हा काढून घेतली. अखेर १७९४ मध्ये भाऊबंदकीत करतात तेच केलं, वाटणी. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्व्हेशन पद्रोआदोकडे. भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल व्हिकारकडे. हद्द अशी आखलेलीच नव्हती. एकाच बेटावर दोन बिशपांचा अंमल सुरू झाला.

युरोपात याच सुमारास आल्प्सपलीकडे, रोमकडे पाहणाऱ्या कॅथलिकांना 'अल्ट्रामोंटेन' म्हणून हिणवलं जात होतं. त्या पक्षाचा जोर वाढत गेला आणि १८७० मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपचा सर्वाधिकार आणि अचूकत्व यांवर शिक्का मारला. त्याआधीच, १८३८ मध्ये, पोप सोळाव्या ग्रेगरीने फर्मान काढून भारतातल्या पद्रोआदोचे पंख छाटले होते. गोव्याने ते जुमानलं नाही. रोमवाले याला 'गोव्याची फूट' म्हणत. ज्यांना फुटीर ठरवलं, ते मात्र स्वतःला पक्के कॅथलिक मानत होते, आणि माझ्या मते ते होतेही. पोपनेच दिलेला हक्क ते धरून बसले होते.

याचा कडेलोट माहीमला झाला. १८५३ मध्ये सेंट मायकलच्या बऱ्याच लोकांनी पद्रोआदोकडे जायचं ठरवलं. व्हिकार होते अनास्तासिउस हार्टमान, कापुचिन पंथाचे स्विस पाद्री. 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' हे नियतकालिक काढणारे तेच. ते चर्चमध्ये जाऊन बसले आणि दारं लावून घेतली. बाहेर त्यांच्याच कळपातल्या लोकांनी वेढा घातला. शेवटी सरकार मध्ये पडलं आणि चर्च विरोधकांच्या ताब्यात गेलं. हार्टमानच्या बाजूने राहिलेल्यांसाठी जवळच दुसरं चर्च उभं राहिलं, लोक त्याला व्हिक्टोरिया चर्च म्हणतात. माहीममध्ये ही दोन चर्चेस इतकी जवळजवळ का, याचं उत्तर या वेढ्यात आहे.

रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारात मुंबईला आर्चबिशप मिळाला, पण पद्रोआदोची चर्चेस दमणच्या बिशपकडे गेली, म्हणजे दुहेरी कारभार चालूच! तो मिटला १९२८ मध्ये, तोही गमतीदार अटीवर: आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिले आले जोआकिम लिमा, त्यांच्यानंतर थॉमस रॉबर्ट्स. पद भारतीयाकडे जावं म्हणून रॉबर्ट्सनी कारभार सहायक बिशपवर सोपवला आणि १९५० मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी पोर्तुगालने आपला हक्क सोडला. आर्चबिशप झाले व्हॅलेरियन ग्रेशस, कराचीत जन्मलेले, घराणं गोव्याचं. नेमणूक रोमने केली. लिस्बनला विचारायचं कारण उरलं नव्हतं.