नेपोलियनची बग्गी आणि स्वप्नातल्या गाड्या

मंडळी, हल्ली शाळांच्या चित्रकला स्पर्धांत एक विषय हमखास दिसतो - "माझ्या स्वप्नातली गाडी". मुलं उडणारी रिक्षा काढतात, कोणी धूर गिळणारी बस काढतं. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण मुलांना "बघितलेली नको, मनातली गाडी काढा" असं कोणीतरी सांगायला एके काळी बराच वेळ लागला होता. त्याची अमेरिकेतली एक हकीकत मला फार आवडते, म्हणून आज ती.

१९३० साल. अमेरिकेत महामंदी सुरू झालेली. मोटारींचे सांगाडे बनवणारी फिशर बॉडी ही जनरल मोटर्सची शाखा. तिने शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा काढली, नाव 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड'. म्हणजे कारागिरांचा संघच म्हणा. पण विषय मनातली गाडी नव्हताच! कंपनीच्या बोधचिन्हावर नेपोलियनच्या थाटाची एक बग्गी होती, तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची. मोजमापांचे नकाशे कंपनी देणार. चाकं, दारं, नक्षी, आतल्या गाद्या, सगळं मुलाने स्वतःच्या हाताने करायचं. मोठं बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती, चार मुलांना प्रत्येकी ५००० डॉलर. घराघरात बापांची कामं सुटलेली असताना ही रक्कम काय वाटली असेल!

आता कोणी म्हणेल, ही तर नुसती नक्कल. नकलेला आपण उगाच नाकं मुरडतो. मी पस्तीस वर्षं पोरांना गिरवायला लावलं आहे. अक्षर गिरवल्याशिवाय हात वळत नाही, हे कोणत्याही मास्तराला विचारा. पण नुसतं गिरवतच ठेवलं तर हात वळतो आणि डोकं बसून राहतं, हेही तितकंच खरं.

ते बहुधा त्या कंपनीलाही कळलं असावं. १९३७ साली स्पर्धेत दुसरा विभाग आला - स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीची प्रतिकृती. पुढे महायुद्धात स्पर्धा थांबली, आणि युद्धानंतर थोड्याच काळात बग्गी मागे पडून नुसत्या कल्पनेतल्या मोटारी उरल्या. खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या, लाकडात कोरलेल्या, रंगवून चकचकीत केलेल्या.

यात धर्मादाय काही नव्हतं हो. १९४७ साली चक जॉर्डन नावाचा मुलगा जिंकला, १९४९ मध्ये जनरल मोटर्समध्येच कामाला लागला आणि १९८६ साली तिथल्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला. पेरलं ते कंपनीने कापून घेतलं. १९६८ साली स्पर्धा बंद झाली.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. ही स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याच देशात खोक्यांना चाकं लावून उतारावरून सोडायच्या गाड्यांची शर्यत असते, 'सोप बॉक्स डर्बी'. मायरन स्कॉट या छायाचित्रकाराने १९३३ साली डेटन गावात पोरांना असं खेळताना बघून ती सुरू केली. तिच्यातही मुलींना १९७१ पर्यंत मज्जाव होता. दार उघडल्यावर चारच वर्षांनी, १९७५ साली, कॅरेन स्टेड ही अकरा वर्षांची पोर पहिली आली, तेही एक हात प्लास्टरमध्ये असताना!

आमच्याकडे मुलींना मनाई नव्हती, पण चित्रकलेचा तास म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. फळ्यावर मी काढायचं, पोरांनी उतरवायचं. १९७३ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी नव्याने लागले होते. दुष्काळ चालू होता. एक दिवस कंटाळून म्हटलं, आज डोंगर नको, कुठेच नसलेली गाडी काढा. मुलग्यांनी बहुतेक एस.टी.ला पंख लावले. चौथीतल्या एका मुलीने बैलगाडी काढली आणि गाडीवर विहीर. रहाटासकट, काठोकाठ भरलेली. ही गाडी रोज सकाळी दारात येते म्हणाली. कोपऱ्यात तिची आई झोपलेली. एरवी ती माउली पहाटे तीनला घागरी घेऊन निघायची.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. वही चाळताना त्यांनी विचारलं, "काय गं, गाडीला बैल कुठेत?"

"बैल छावणीत हायेत, साहेब."

साहेबांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे हजेरीपट मागितला.