अंगाविना वस्त्र

घरातील माणूस गेल्यावर खुंटीवर राहिलेला त्याचा सदरा जे सांगतो, ते भिंतीवरील छायाचित्रही अनेकदा सांगू शकत नाही. छायाचित्रात चेहरा असतो; कपड्यांत मात्र देहाचा आकार, सवयी आणि झीज उतरलेली असते. याच अनुभवाच्या आधारे, माणूस न दाखवता केवळ त्याची वस्त्रे चितारण्याचा मार्ग अनेक चित्रकारांनी स्वीकारला.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८६ मध्ये पॅरिस येथे जुन्या बुटांची जोडी रंगविली. सैल पडलेले चामडे आणि सुटलेल्या नाड्या यांतूनच ते वापरणाऱ्याचे कष्ट जाणवतात.

मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये होत्या. पती दिएगो रिव्हेरा यांना अमेरिकेत राहायचे होते, तर फ्रिडा यांना मायदेशाची ओढ होती. 'माझा पोशाख तिथे टांगला आहे' या चित्रात त्यांनी उत्तुंग इमारतींच्या गर्दीत दोरीवर आपला तेहुआना पोशाख टांगला. स्वतःला मात्र चित्राबाहेर ठेवले. वस्त्र परदेशात, मन मायदेशी, हे सांगण्यासाठी चेहऱ्याची गरज उरली नाही.

अमेरिकन चित्रकार जिम डाइन यांना वृत्तपत्रातील एका जाहिरातीत माणसाविना झगा दिसला. त्यात आपणच आहोत असे त्यांना वाटले आणि १९६४ पासून त्यांनी अशा झग्यांनाच आत्मचित्राचे रूप दिले.

अशा रेखाटनात कापडापेक्षा देहाच्या खुणा महत्त्वाच्या ठरतात: कोपराजवळच्या चुण्या, खांद्याचा उतार, कॉलरची विरलेली कड, ओघळलेला खिसा. नवा, इस्त्रीचा कपडा दुकानातला वाटतो. गळ्याच्या आणि बाहीच्या आतील सावली गडद केली, की आतील पोकळी जाणवू लागते.

फ्रिडा यांचे १९५४ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांचे कपडे मेक्सिको सिटीतील त्यांच्या घरी न्हाणीघरात बंद करून ठेवण्यात आले. ते दार २००४ मध्ये उघडले. हिरोशिमातील अणुबॉम्बच्या बळींच्या वस्त्रांची छायाचित्रे घेणाऱ्या जपानच्या इशिउची मियाको यांनी पुढे या कपड्यांचीही छायाचित्रे टिपली. त्या वस्तूंमध्ये उजव्या पायाची टाच उंच केलेले बूटही होते. लहानपणी पोलिओ झाल्याने फ्रिडा यांचा तो पाय आखूड राहिला होता. पन्नास वर्षांनंतरही बुटाने ते लक्षात ठेवले होते.