हौसेचा वेळ : भिवंडीजवळील शेलारच्या संदर्भात स्त्रियांची सजावटकला आणि फुरसतीचा इतिहास

प्रस्तावना :

भिवंडीहून वाड्याकडे जाताना लागणारे शेलार हे गाव शेतीच्या व कारखानदारीच्या सीमेवर वसलेले आहे. एका बाजूस आगरी कुटुंबांची जुनी वस्ती व भातशेतीची परंपरा, तर दुसऱ्या बाजूस यंत्रमागाच्या शेड आणि अलीकडच्या काळात भिवंडी तालुकाभर पसरलेली गोदामे, अशी या परिसराची आजची रचना आहे. अशा ठिकाणी घरच्या ओव्हनमध्ये केक भाजून त्यावर क्रीमची फुले काढणारी, आणि त्याच दिवशी नोकरी, मुलांची शाळा व सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी सांभाळणारी गृहिणी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या स्त्रीला कौतुकाने एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘एवढा वेळ कसा काढता?’ प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रातील स्त्रीने सजावटीसाठी वेळ ‘काढला’ असे क्वचितच घडले. तो वेळ तिला सण, लग्न किंवा विधी यांच्या नावाने मंजूर होत असे. ही मंजुरी कोणाकडून, कोणत्या कारणासाठी व किती काळापुरती मिळत होती, हा या विषयाचा गाभा आहे.

साधनांची अडचण :

घरातील वेळेचा इतिहास लिहिण्यासाठी आकडेवारी जवळजवळ उपलब्ध नाही. भारतातील पहिले मोठे वेळ-वापर सर्वेक्षण १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये झाले. त्यानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकामात सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, दोघांतील अंतर मात्र जवळपास जसेच्या तसे राहिले. त्यापूर्वीच्या काळासाठी अभ्यासकाला सणांचे पंचांग, पाकशास्त्राची पुस्तके आणि वस्तू करण्याच्या पद्धती यांवरच विसंबावे लागते. सुदैवाने ही साधने बरेच काही सांगतात.

साखरेचे दागिने :

केकवरील सजावटीचे मराठी घरातील सर्वांत जवळचे नाते हलव्याच्या दागिन्यांशी आहे. संक्रांतीला नव्या सुनेला व बोरन्हाणाला लहान मुलाला घालावयाचे हे दागिने साखरेच्या काटेरी दाण्यांचे असतात. खसखस, तीळ किंवा साबुदाणा मंद शेगडीवरील परातीत घेऊन त्यावर चमचा-चमचा पाक सोडावयाचा, बोटांनी हलवत राहावयाचे, तो सुकला की पुन्हा पाक. दाण्यावर काटा फुलण्यास कोरडी थंडी लागते, म्हणून हे काम पौषातल्या पहाटे होई आणि कित्येक दिवस चाले. घाई केल्यास काटा येत नाही. पुढे हे दाणे दोऱ्यात गुंफून हार, मुकुट व बाजूबंद तयार होत.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, या सर्व खटाटोपास कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नसे. वर्षातील इतर कोणत्याही महिन्यात एखादी सून चार पहाटा साखर हलवत बसली असती, तर तिला घरात काय ऐकावे लागले असते याची कल्पना करता येते. संक्रांत हे तिचे समर्थन होते. रुखवताचेही तसेच. लग्नघरात मांडल्या जाणाऱ्या चिरोट्यांच्या, साखरेच्या व खोबऱ्याच्या शोभेच्या वस्तूंसाठी मावश्या, आत्या, काकू आणि शेजारणी एकत्र बसत, आणि या वस्तू माहेरची प्रतिष्ठा ठरवीत असल्यामुळे त्यांवर खर्च झालेले तास घराण्याच्या खात्यावर जमा होत, एकट्या बाईच्या हौसेवर नव्हे. काम वाटले जाई, आणि त्या दिवसांत चूलही कोणीतरी दुसरी सांभाळत असे. अर्थात हे चित्र मुख्यतः पांढरपेशा मराठी घरांचे आहे. शेतावर राबणाऱ्या स्त्रीला त्याचा लाभ सारखाच होता असे मानणे चुकीचे ठरेल.

चौकातील तांदूळ :

शेलारवरून जाणारा रस्ता ज्या वाडा परिसराकडे जातो, तो व त्यापलीकडील डहाणू-जव्हारचा मुलूख हा वारली समाजाचा प्रदेश आहे (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो). तेथे लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिण्याचा मान सवाष्ण स्त्रियांचा होता. रेषा, त्रिकोण, देवीची आकृती हे सारे त्यांच्या हातचे. तथापि हा हात वर्षभर चालत नसे. लग्न आले की तो चाले आणि लग्न पार पडले की कामावर परते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी ही चित्रे कागदावर व बाजारात आली, तेव्हा ती रोजच्या रोज काढणारा पहिला ख्यातनाम कलावंत पुरुष होता. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु विधीपुरती असलेली कला नित्याची होताच ती स्त्रियांकडून पुरुषांकडे का सरकली, याचे एक उत्तर तासांत शोधावे लागते. लग्नाच्या निमित्ताने मिळालेला वेळ स्त्रीचा होता. निमित्तावाचूनचा, रोजचा, सलग वेळ तिच्याजवळ नव्हता. पाणी, सरपण, भात आणि मूल यांतून तो उरला असता तरच नवल.

पोळपाटावरील तास :

यानंतरचा टप्पा वेळेचे पैशांत रूपांतर होण्याचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या पापडाच्या उद्योगातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तिचे यश सहसा सहकाराच्या भाषेत सांगितले जाते, पण तिची कामाची पद्धत वेळेच्या दृष्टीनेही कल्पक आहे. भिजवलेले पीठ सकाळी केंद्रातून न्यावयाचे, घरच्या कामांच्या मधल्या सांदीत पापड लाटावयाचे व दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावयाचे. दिवसाचे तुकडे पडतात हे गृहीत धरूनच हा उद्योग आखला गेला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणगावातील खानावळवाल्या बायांना कर्जाची वाट मोकळी करून दिली, तेही मुळात स्वयंपाकाच्याच तासांना दाम मिळवून देण्याचे काम होते. मात्र पापड किंवा डबा यांत सजावट नाही. बाजाराने स्त्रीचा उपयुक्त वेळ विकत घेतला, हौसेचा घेतला नाही.

मागाचा वेळ :

भिवंडीत वेळेचे गणित आणखी कठोर आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडकाम मोठ्या प्रमाणावर येथील यंत्रमागांकडे वळले. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी व नगावर मजुरी ही रीत रुळलेली आहे. कांडी भरणे, धागे कापणे यांसारखी कामे स्त्रियांकडे येतात, त्यांतील काही घरी बसूनही होतात. नगावर मजुरी असलेल्या घरात रिकाम्या अर्ध्या तासालाही किंमत असते. पौषातल्या पहाटेची सवलत तेथे कोण देणार?

केक या घरांत आला तो याच परिस्थितीत. मराठी घरात पूर्वी ओव्हन नव्हता. दिवाळीत नानकटाईचे पीठ बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणावे लागे, आणि हौशी बाई पातेल्यात वाळू तापवून केक करी. त्यावर आयसिंग चढवावयाचे तर स्पंज पुरता गार व्हावा लागतो, क्रीम थंड राहावे लागते, आणि ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत ते पाहता पाहता पाघळते. म्हणजे फ्रीज हवा व त्यास अखंड वीज हवी. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने भिवंडीचे वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले. केकच्या इतिहासात या घटनेची नोंद सहसा होत नाही, पण व्हावयास हरकत नाही.

वाढदिवस हे निमित्त मात्र संक्रांतीसारखे नाही. ते वर्षातून एकदा सर्वांना एकत्र येत नाही, दर आठवड्याला कोणा ना कोणाचे येते. त्यामुळे सजावट प्रथमच नित्याची झाली, आणि मावश्या-काकूंचे हात मात्र सुटले. नोझल धरणारा हात एकटीचाच आहे. पतीची पाळी व मुलांची शिकवणी यांच्या मधोमध, बहुधा रात्री जेवणे उरकल्यावर, तो चालतो. घरच्यांची संमती बऱ्याचदा पहिल्या मागणीचे पैसे आल्यानंतर मिळते. केकला विक्रीचे रूप येते त्यामागे उत्पन्नाची गरज आहेच, पण विधी मागे पडल्यावर हौसेला उरलेले ते एकमेव मान्य कारणही आहे.

या विक्रीचा हिशेब पाहिला तर जुन्या रुखवताची आठवण व्हावी. मैदा, लोणी, क्रीम, खोका व गॅस यांची बेरीज करून त्यावर थोडा नफा धरला जातो. साखरेचे एक गुलाब पाकळी-पाकळीने उभे करण्यात गेलेला वेळ त्या बेरजेत बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, आणि ग्राहक घासाघीस करतो तीही नेमकी त्याच गुलाबावरून.